इनामगावच्या हाडांचा डीएनए काढायचा झाला, तर विचारायचं कुणाला?

खापरतुकडा (धागाकर्ता)

इनामगाव म्हणजे पुणे जिल्हा, शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं तिथं टप्प्याटप्प्यानं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली ठळक नावं. निघालं ते ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांचं गाव, साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० मधलं. घरं मिळाली, धान्य साठवायच्या जागा मिळाल्या, आणि दोनशेहून जास्त दफनं.

ही दफनं गावाबाहेर लांब कुठे नाहीत, घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात आहेत. लहान मुलं दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवून आडवी पुरलेली. मोठी माणसं खड्ड्यात उताणी, आणि त्यातल्या बहुतेकांचे पाय घोट्याशी तोडलेले. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून, असा एक अंदाज आहे. एक पुरुष मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला सापडला, त्याचे पाय शाबूत. तो गावचा कोणी प्रमुख असावा म्हणतात.

आता प्रश्न. समजा उद्या एखाद्या प्रयोगशाळेनं ठरवलं की या हाडांतून डीएनए काढायचा. (कुणी ठरवलंय असं मी म्हणत नाहीये, कृपया बातमी पसरवू नका.) हाड पोखरावं लागणार, ती पूड संपणार, ती परत येत नाही. परवानगी कुणाची? ज्या संस्थेच्या कपाटात हाडं आहेत तिची? पुरातत्त्व खात्याची? आज इनामगावात राहणाऱ्यांची? आणि तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या त्या पोराच्या वतीनं बोलायचा हक्क कुणाला?

अमेरिकेत यावर वीस वर्षं भांडण झालं. १९९६ च्या जुलैत वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीत दोन विद्यार्थ्यांना एक कवटी सापडली. सांगाडा सुमारे साडेआठ हजार वर्षं जुना निघाला. शास्त्रज्ञ त्याला केनेविक मॅन म्हणत, तिथल्या आदिवासी जमाती 'प्राचीन पुरुष' म्हणत. जमातींचं म्हणणं एवढंच, की हा आमचा पूर्वज आहे, त्याला पुरायला परत द्या. आठ शास्त्रज्ञ कोर्टात गेले आणि २००४ मध्ये जिंकले, कारण तो आजच्या कोणत्याही जमातीचा असल्याचा पुरावा कोर्टाला पटला नाही. कवटीचा आकार वेगळा वाटतो, अशीही चर्चा होती. मग २०१५ मध्ये कोपनहेगनच्या विलरस्लेव्ह यांच्या गटानं त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला. तो आजच्या अमेरिकन आदिवासींनाच सर्वांत जवळचा निघाला. तुलनेसाठी कोलव्हिल जमातीनं स्वतःचे नमुने दिले होते. डिसेंबर २०१६ मध्ये त्याला जमातींना परत द्यायचा कायदा झाला, फेब्रुवारी २०१७ मध्ये पाच जमातींनी मिळून त्याला पुन्हा पुरलं.

ही गोष्ट बहुतेक जण 'शेवटी विज्ञानानंच न्याय दिला' अशी सांगतात. मला ती तशी वाचता येत नाही. जमाती पहिल्या दिवसापासून जे सांगत होत्या ते खरं होतं, पण तोंडी सांगितलेलं चाललं नाही, प्रयोगशाळेचा कागद आल्यावर चाललं. म्हणजे उद्या दुसऱ्या एखाद्या जमातीनं असाच हक्क सांगितला तर तिला पहिला प्रश्न काय असेल? 'डीएनए दाखवा.'

आपल्याकडे तर दावा सांगायला कुणी पुढे येणार नाही, किंवा सगळेच येतील. म्हणून हा धागा.

बेरकी_बगळा

लेख चांगला, पण प्रश्नच पटला नाही. मेलेल्या माणसाला काय कळतं? आपण तर तिसऱ्या दिवशी अस्थी वेचून नदीत सोडून मोकळे होतो. तीन हजार वर्षांच्या हाडाबद्दल एवढा हळवेपणा कशाला? ती हाडं १९७० च्या दशकात खणून काढली तेव्हा कुणाला विचारलं होतं? आता चिमूटभर पुडीसाठी ग्रामसभा भरवायची?

घोडकाठचा

बगळेराव, आमच्याकडं आजही दात न आलेलं लेकरू गेलं तर जाळत नाहीत, पुरतात. लिंगायतांत, महानुभावांत मोठ्यांनाही पुरतातच. सगळा महाराष्ट्र अस्थी नदीत सोडतो असं नाही.

माझं गाव इनामगावपासून लांब नाही. लहानपणी 'पांढरी' (जुन्या वस्तीची जागा) म्हणून एवढंच माहीत होतं, की तिथं नांगराला खापरं लागतात. पुण्याहून माणसं येऊन खणत होती ते आमच्या म्हाताऱ्यांनी बघितलंय, खणायला मजूर म्हणून गेलेतही. सांगाडे बघून लोक घाबरले, काहींनी नारळ फोडला. पण त्या खोदकामाचं पुढं काय झालं ते मला कॉलेजात गेल्यावर पुस्तकात कळलं. गावात येऊन कुणी सांगितलं असेल तर आमच्या घरापर्यंत ते पोचलं नाही.

अनुजा_क

मी रेणुजीवशास्त्रात काम करते (प्राचीन डीएनएवर नाही, पण शेजारच्याच गल्लीत), म्हणून 'चिमूटभर पुडी' बद्दल थोडं.

कवटीच्या बुडाशी, आतल्या कानाभोवती पेट्रस नावाचं हाड असतं. शरीरातलं सर्वांत घट्ट. २०१४-१५ च्या सुमारास लक्षात आलं की इतर हाडांच्या मानानं इथे डीएनए कितीतरी पटीनं जास्त टिकतो. तेव्हापासून जगभर त्यावर झुंबड उडाली. २०१० मध्ये पहिले प्राचीन मानवी जीनोम आले आणि आता प्रसिद्ध झालेल्या प्राचीन व्यक्तींची संख्या दहा हजारांच्या वर आहे. वेग लक्षात घ्या. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वान्ते पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं ते याच क्षेत्राचा पाया घातल्याबद्दल.

पण पेट्रस हाडं माणसाला दोनच असतात. त्याच हाडाच्या आकारावरून, आतल्या कानाच्या रचनेवरूनही अभ्यास होतो. एकदा पोखरलं की तो अभ्यास बाद. आणि भारतात उष्णता नि दमटपणा यांमुळे डीएनए फार लवकर तुटतो. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळाचं उदाहरण घ्या. तिथले ६१ नमुने तपासले, कामाचा निघाला एक. त्या एकातूनही इतकं थोडं मिळालं की शंभराहून जास्त वेळा प्रक्रिया करून तुकडे जोडावे लागले, तेव्हा कुठे एका बाईचा अर्धामुर्धा जीनोम उभा राहिला. म्हणजे साठ नमुन्यांचा बळी गेला आणि हाती शून्य आलं. संशोधकांना दोष देत नाही, आधी कळायला मार्ग नसतो. पण इनामगावला असंच होणार हे धरून चालायला हवं. कोकणापेक्षा शिरूर कोरडं आहे हे खरं, तरी उन्हाळा आठवा.

अवांतर: आता कमी नुकसानीच्या पद्धती येतायत. दाताच्या मुळावरच्या सिमेंटम थरातून दात न फोडता डीएनए काढता येतो. २०२३ मध्ये सैबेरियातल्या डेनिसोवा गुहेतलं हरणाच्या दाताचं पदक नुसतं द्रावणात ठेवून, हळूहळू तापवून, ते घालणाऱ्या बाईचा डीएनए मिळाला. पदक जसंच्या तसं. आपल्या हवेत ते किती चालेल ही वेगळी गोष्ट.

वकीलबुवा

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण ती थोडकीच आहे.

अमेरिकेत १९९० चा नॅगप्रा कायदा आहे. आदिवासींचे अवशेष संग्रहालयांनी परत करायचे असं तो सांगतो. जानेवारी २०२४ पासून त्याचे नवे नियम लागू झाले, त्यानुसार अशा अवशेषांवर संशोधन करण्याआधी संबंधित जमातीची संमती लागते. केनेविकचा खटला याच कायद्याच्या व्याख्येवर अडला होता.

आपल्याकडे याच्या तोडीचं काही नाही. १९५८ चा कायदा स्मारकं आणि उत्खननाचे परवाने बघतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत नाणी, मूर्ती, चित्रं, शिलालेख, हस्तलिखितं आहेत. मानवी अस्थींचा वेगळा विचार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं जिवंत सहभागींच्या संशोधनासाठी आहेत. डीएनए विधेयक आलं होतं, तेही गुन्हे, बेवारस मृतदेह, हरवलेली माणसं यांच्यासाठी. २०२३ मध्ये ते मागे घेतलं. थोडक्यात, ज्याच्या ताब्यात हाड त्याच्या सहीवर काम होतं.

निवृत्त_मास्तर

माहितीपूर्ण चर्चा. एक शंका. परदेशी शास्त्रज्ञांनी स्वतःहून काही नियम केले नाहीत का?

खापरतुकडा

मास्तर, केलेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये ३१ देशांतल्या ६४ संशोधकांनी पाच सूत्रं मांडली. स्थानिक नियम पाळा. काम सुरू करण्याआधी तपशीलवार योजना करा. अवशेषांचं नुकसान कमीत कमी करा. निष्कर्ष प्रसिद्ध झाले की डेटा खुला करा, म्हणजे इतरांना तपासता येईल. ज्यांचा संबंध आहे त्यांना सुरुवातीपासून सहभागी करा आणि त्यांच्या भावनांचा मान ठेवा.

वाचायला छान आहेत. पण पहिल्याच सूत्राची गंमत वकीलबुवांच्या प्रतिसादाशेजारी ठेवून बघा. जिथे नियमच नाहीत तिथे ते पाळणं फार सोपं. यावर टीकाही झाली, विशेषतः अमेरिकेतल्या आदिवासी संशोधकांकडून, की ही किमान पातळी आहे आणि ती ठरवताना आमचा आवाज पुरेसा नव्हता. त्या ६४ जणांचा एक मुद्दा मात्र मला महत्त्वाचा वाटतो. जगात सगळीकडे 'मूळ रहिवासी कोण' हे ठरवून त्यांनाच विचारा असं म्हणता येत नाही. काही ठिकाणी ते ठरवणं हेच दुसऱ्यांना हाकलायचं हत्यार होतं. आपला देश त्या यादीत बसतो की नाही ते तुम्हीच सांगा.

झेप

वा, माझा आवडता विषय!! मी घरी डीएनए चाचणीचं किट मागवून लाळ पाठवली होती. कच्चा डेटा घेऊन वंशाचं प्रमाण काढणाऱ्या एका कॅल्क्युलेटरमध्ये टाकला. राखीगढीवाल्या बाईशी माझं प्रमाण आमच्या ग्रूपमधल्या सगळ्यांपेक्षा जास्त आलं. स्टेपचा (युरेशियातल्या गवताळ मैदानांतल्या लोकांचा) अंश अगदी कमी. म्हणजे आम्ही इथले मूळचे, हे आता सायंटिफिकली प्रूव्ह झालं. इनामगावचा डेटा आला तर फारच मजा येईल, महाराष्ट्रातल्या सगळ्या जातींची क्रमवारी लावता येईल.

बेरकी_बगळा

घ्या. धाग्याची काशी व्हायला सुरुवात झाली.

खापरतुकडा

नाही, बगळेराव, उलट झेप यांनी माझं काम सोपं केलं.

झेप, तुमच्यावर वैयक्तिक काही नाही. पण तुम्ही म्हणालात तीच 'क्रमवारी' हा या धाग्याचा गाभा आहे. बहुतेक नैतिक चर्चा मेलेल्याच्या सन्मानाभोवती फिरते. मला जिवंत माणसांची काळजी जास्त वाटते.

भारतातल्या गटांचं मोठं मिश्रण साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी झालं आणि त्यानंतर लग्नं जातीतल्या जातीत अडकत गेली, असं २०१३ च्या अभ्यासात दिसलं. इनामगावचा काळ बरोबर त्या मिश्रणाच्या मधोमध येतो. म्हणजे तिथल्या हाडांतून जे निघेल ते शास्त्रीयदृष्ट्या अतिशय मोलाचं, आणि तितकंच ज्वालाग्राही. एखाद्या मुलाचा डीएनए अमुक समाजाला किंचित जवळचा निघाला की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर काय येईल हे मी लिहून देतो. 'आम्ही मूळनिवासी, तुम्ही उपरे.' तीन हजार वर्षांत त्या मुलाच्या नातलगांचे वंश किती फांद्यांनी कुठे कुठे पसरले असतील याचा विचार कुणी करणार नाही.

राखीगढीचंच बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये एकाच दिवशी दोन शोधनिबंध आले. एक त्या बाईचा, दुसरा ५२३ प्राचीन व्यक्तींचा. पहिला सांगतो की तिच्यात स्टेपमधल्या पशुपालकांचा अंश नाही. दुसरा सांगतो की तो अंश साधारण इ.स.पू. २००० ते १५०० मध्ये दक्षिण आशियात आला. दोन्ही एकत्र वाचले तर चित्र सुसंगत आहे: ती बाई आधीची, ते लोक नंतरचे. पण पत्रकार परिषदेतून देशभर बातमी गेली ती 'आर्य सिद्धान्त खोटा ठरला' अशी. दोन्ही निबंधांवर नाव असलेल्या संशोधकांनीच तसं सांगितलं होतं. डेक्कन कॉलेजचे माजी कुलगुरू वसंत शिंदे त्यातले प्रमुख, म्हणजे आपल्या पुण्याशी याचा संबंध थेट आहे. २०२४ मध्ये एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकातही राखीगढीच्या डीएनएच्या आधारे आर्यांच्या स्थलांतरावर प्रश्नचिन्ह लावणारा मजकूर घातला गेला. एका बाईच्या एका हाडावर एवढा भार.

म्हणून माझं म्हणणं: वारसदार कोण ते शोधत बसण्यापेक्षा, निकालाचा परिणाम कुणाला भोगावा लागेल त्यांना आधी विचारा. इनामगावच्या बाबतीत तो घोडकाठावरचा सगळा समाज झाला, मराठा, धनगर, भिल्ल, महार, रामोशी, जे कोणी असतील ते. नातं सिद्ध करायची अट नको.

टेम्सकाठी

उशिरा आले, पण इंग्लंडमधून एक भर.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या एका लिलावगृहात नागा माणसाची शिंगं लावलेली कवटी विक्रीला ठेवली होती. हो, माणसाची, एकोणिसाव्या शतकातली. अपेक्षित किंमत साडेतीन-चार हजार पौंड. नागालँडमधून ओरड झाली, तिथल्या मुख्यमंत्र्यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं, मग ती लिलावातून काढली. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात नागा पूर्वजांचे अवशेष मोठ्या संख्येनं आहेत. २०२० मध्ये संग्रहालयानं मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले आणि तेव्हापासून फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशनशी परत देण्याबद्दल बोलणी चालू आहेत.

हे इथे का सांगतेय? नागांनी आधी गावोगावी जाऊन म्हाताऱ्यांना विचारलं: परत आणायचे का, आणले तर कुठे ठेवायचे, कोणता विधी करायचा? ख्रिस्ती झालेल्या समाजात पूर्वीचे विधी कोण करणार, हा प्रश्न तर खराच आहे. हे सगळं हळू चालतं. संशोधन प्रकल्पाच्या तीन वर्षांच्या अनुदानात ते बसत नाही. नैतिकतेच्या चर्चेत हा पैशाचा नि वेळेचा मुद्दा कुणी काढत नाही. अर्जात 'समाजाशी संवाद' असा एक रकाना असतो, त्यात दोन ओळी भरल्या की झालं.

चांगली उदाहरणंही आहेत. दक्षिण आफ्रिकेत केपटाउन विद्यापीठाला २०१७ मध्ये स्वतःच्याच संग्रहाची तपासणी करताना नऊ जणांचे अवशेष मिळाले, १९२० च्या दशकात सदरलँडजवळच्या शेतातून एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं उचलून आणलेले. विद्यापीठानं वंशजांची कुटुंबं शोधली. कुटुंबांनीच सांगितलं की पुरण्याआधी आम्हाला ही माणसं कशी जगली ते कळू दे, तपासणी करा. डीएनए, समस्थानिकं (माणूस कुठे राहिला, काय खाल्लं ते सांगणारी हाडांची तपासणी), चेहऱ्यांची पुनर्रचना, सगळं झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये दफन झालं. प्रश्न विचारणारी कुटुंबं आणि उत्तर शोधणारं विद्यापीठ, असा तो क्रम होता.

अनुजा_क

+१ टेम्सकाठी. असंच अगदी ताजं उदाहरण म्हणजे न्यू मेक्सिकोतली पिकुरिस पुएब्लो. ही छोटीशी जमात स्वतःहून शास्त्रज्ञांकडे गेली. आमच्या मौखिक इतिहासात चाको कॅन्यन या प्राचीन वस्तीशी नातं आहे, ते तपासा म्हणाली. १६ प्राचीन आणि १३ आजच्या व्यक्तींचे जीनोम वाचले, २०२५ मध्ये निबंध आला, नातं दिसलं. काम कधीही थांबवायचा अधिकार जमातीकडे होता. जमातीची माणसं लेखकांत आहेत. याच चाकोच्या हाडांवर २०१७ मध्ये दुसऱ्या गटानं निबंध काढला होता, आजच्या पुएब्लो लोकांना न विचारता, कारण संग्रहालयाच्या नोंदीत ती हाडं 'कुणाची ते ठरवता येत नाही' अशी होती. त्यावर बरीच टीका झाली.

ॲरिझोनातल्या हवासुपाई जमातीचंही विसरू नका, जरी ते जिवंत माणसांचं असलं तरी. मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीनं १९९० च्या दशकात रक्त घेतलं आणि त्यावर स्किझोफ्रेनिया, आपसांतली लग्नं, स्थलांतर असे अभ्यास झाले. २०१० मध्ये सात लाख डॉलर देऊन तडजोड झाली, रक्ताचे नमुने परत केले. हे रक्त परत आणताना लोकांनी प्रार्थना म्हटल्या. एकदा विश्वास तुटला की पुढच्या चांगल्या संशोधकालाही दार बंद.

बेरकी_बगळा

ठीक आहे, मान्य करतो की मुद्दा हळवेपणाचा नाही. पण ही सगळी उदाहरणं छोट्या, एकजीव जमातींची आहेत. त्यांची पंचायत असते, प्रमुख असतो, सही करणारा असतो. इनामगावात कोण? सरपंच? आमदार? पाहुणा म्हणून येऊन भाषण ठोकेल तो? आणि अजनाळ्याचं काय, तिथे तर वंशज खरोखर असतील.

वकीलबुवा

अजनाळ्याचा उल्लेख आला म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १८५७ मध्ये लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीतून पळालेल्या २६ व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांना अमृतसरचा उपायुक्त फ्रेडरिक कूपर यानं पकडून मारलं आणि विहिरीत टाकलं. २८२ हा आकडा कूपरच्याच लेखनातला. २०१४ मध्ये ती विहीर स्थानिक लोकांनीच खोदली, तज्ज्ञांच्या देखरेखीविना, त्यात बरीच हाडं मोडली. ही फाळणीच्या दंगलीतली माणसं असावीत असंही काही म्हणत. २०२२ मध्ये पंजाब विद्यापीठ, हैदराबादचं सीसीएमबी (पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्र) आणि लखनौचं बीरबल साहनी संस्थान यांनी डीएनए नि समस्थानिकांवरून दाखवलं की ही माणसं गंगेच्या खोऱ्यातली होती. शिपायांच्या बाजूनं हा मोठा पुरावा आहे.

१८५७ म्हणजे सहा-सात पिढ्या. गंगेच्या खोऱ्यात त्यांचे पणतू-खापरपणतू आज नक्की असतील. त्यांना शोधायची जबाबदारी कायद्यानं कुणावरच नाही. इनामगावपेक्षा हा प्रश्न मला जास्त टोचतो.

झेप

खापरतुकडा, 'क्रमवारी' हा शब्द मागे घेतो, ठीक. पण डेटा खुला नसावा असं म्हणताय का? राखीगढीचा डेटा खुला आहे म्हणून तर आमच्यासारखे हौशी लोकही तपासू शकतात. बंद ठेवला तर पत्रकार परिषदेत जे सांगतील तेच खरं मानायचं का? तुम्हीच दिलेलं उदाहरण तुमच्यावर उलटतं.

खापरतुकडा

हा मुद्दा बिनतोड आहे. डेटा खुला होता म्हणूनच दोन निबंधांतलं आणि पत्रकार परिषदेतलं अंतर लोकांना दाखवता आलं. बंद ठेवा असं मी म्हणणार नाही. माझा आग्रह क्रमाचा आहे: डेटा सर्व्हरवर चढण्याआधी आणि दिल्लीतल्या कॅमेऱ्यांसमोर काही बोललं जाण्याआधी, त्यातून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही हे मराठीत लिहून घोडकाठी वाचून दाखवा. निबंधात आजच्या जातींची नावं लावून तुलना करायची की नाही, हेही आधी ठरवा. २००९ मध्ये भारतीय लोकसंख्येच्या इतिहासावरचा पहिला मोठा निबंध झाला तेव्हा हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी हार्वर्डच्या गटाशी नावांवरून बराच वाद घातला होता आणि 'पूर्वज उत्तर भारतीय', 'पूर्वज दक्षिण भारतीय' असे तटस्थ गट ठरले. ते शब्द काहींना गुळमुळीत वाटतात. पण आपला समाज ते कसे वाचेल याचा विचार आधी झाला होता, निदान एवढं खरं.

अनुजा_क

एक गोष्ट सगळेच विसरताय. थांबणं फुकट नसतं.

२००७ मध्ये फ्रान्समधला एक सुंदर अभ्यास झाला. तिथं सुमारे ३२०० वर्षांपूर्वीच्या एका रानबैलाची काही हाडं १९४७ मध्ये निघाली आणि संग्रहालयात गेली. त्याच जनावराची बाकीची हाडं जमिनीतच राहिली, ती २००४ मध्ये काढली. २००४ च्या हाडांतून डीएनए मिळाला, १९४७ च्या हाडांतून नाही. जमिनीत तीन हजार वर्षं टिकलं ते कपाटात साठ वर्षांत गेलं. धुणं, खोलीचं तापमान, दमट हवा.

इनामगावची हाडं बाहेर येऊन चाळीस-पन्नास वर्षं झाली. पुण्यातलं पन्नास उन्हाळे-पावसाळ्यांचं ऊन-पाणी बाहेर, आणि आत साध्या खोल्या. कोलकात्यात मानववैज्ञानिक सर्वेक्षणाकडे हडप्पा, मोहेंजोदडोचे सांगाडे आहेत, ते तर त्याहून किती आधीपासून. सल्लामसलत करत अजून पंधरा वर्षं काढली तर परवानगी मिळेल आणि डीएनए नसेल. म्हणून माझी व्यावहारिक सूचना: आधी वातानुकूलित साठवण, सगळ्या हाडांचं सीटी स्कॅन, आणि दोन-तीन दातांवर कमी नुकसानीची पद्धत वापरून काही मिळतंय का एवढीच चाचणी. ६१ हाडं पोखरून एक नको. चाचणी फसली तर विषय संपला, हाडं शाबूत.

घोडकाठचा

ताई, साठवण आणि स्कॅन आजच करा, त्याला आमची ना नाही. दातालाही हात लावायच्या आधी मात्र या. सरपंच-आमदार नको, बगळेरावांचं बरोबर आहे. शाळेत या, बाजाराच्या दिवशी या, म्हाताऱ्या बायांना आधी सांगा. लेकराची मडकी घरात पुरायची का, हे त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळेल. आणि त्यातली दोन-चार मडकी तरी तालुक्याला दाखवायला ठेवा. बघायची तर अजूनही पुण्याला जावं लागतं.

बेरकी_बगळा

आणि गावानं नाही म्हटलं तर?

घोडकाठचा

तर नाही.

अनुजा_क

इथे माझं नि तुमचं जमत नाही. खापरतुकडा वर म्हणालेच की त्यांचा वंश कुठे कुठे पसरला असेल, म्हणजे तो तुमचाच असं काही नाही. मग नकाराधिकार एकट्या गावाकडे कसा? ती माणसं जुन्नरकरांचीही पूर्वज असतील, बीडकरांचीही, माझीही. गावाला विचारावं, गावाचं ऐकावं, गावानं शंका काढली तर काम तिथंच थांबवून उत्तर द्यावं. इथवर मी तुमच्याबरोबर. शेवटचा शब्द मात्र एका मंडळाचा हवा, ज्यात गावही असेल, पुरातत्त्ववालेही, आणि प्रकल्पातून ज्याला काहीच मिळणार नाही असा एखादा शास्त्रज्ञही.

घोडकाठचा

मंडळ पुण्यात बसणार असेल तर आमचं नाही. शिरूरला बसवा, मग बोलू.